माझ्या जुन्या याशिका इलेक्ट्रो ३५ फिल्म कॅमेऱ्यातला फोकसचा पिवळा चौकोन दिसेनासा झालाय, सगळं धुरकट दिसतं. वरचं झाकण उघडून आतल्या काचा पुसल्या तर चालेल का?

पुसा, पण सगळ्या नको. त्यातली एक काच पुसलीत तर चौकोन कायमचा गेला म्हणून समजा.

व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) आत ४५ अंशांत तिरकी बसवलेली एक छोटी काच असते आणि तिच्यावर अतिशय पातळ, अर्धपारदर्शक आरशासारखा थर असतो. समोरचं दृश्य तिच्यातून आरपार येतं. बाजूच्या छोट्या खिडकीतून आलेली दुसरी प्रतिमा तिच्यावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत पोचते, तोच तुमचा चौकोन. इलेक्ट्रो १९६६ साली बाजारात आला. इतक्या वर्षांच्या दमट हवेने हा थर विरत जातो. उरलासुरला थर ओल्या इअरबडच्या एका फेरीत निघून येतो. काच मग लख्ख दिसते, चौकोन मात्र गायब.

म्हणून आधी न उघडता एक गोष्ट बघा. समोरची मोठी खिडकी काळ्या टेपने झाका, छोटी उघडी ठेवा आणि पेटलेल्या दिव्याकडे बघा. चौकोनात दिवा ठळक पण धुरकट दिसला तर दोष मळाचा आहे, घरी निघेल. दिवासुद्धा जेमतेम जाणवत असेल तर थर गेलाय, पुसून काही होणार नाही.

मळच असेल तर बॅटरी काढून झाकण उघडा. स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी खरवडतात. हॉट शू (वर फ्लॅश बसवायची खाच) असलेल्या मॉडेलमध्ये शूची वायर झाकणाला जोडलेली असते, त्यामुळे झाकण झटक्यात उचलू नका. डोळ्याकडचं भिंग आणि पुढच्या खिडक्यांच्या काचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, इअरबड ओला हवा, निथळता नको. तिरक्या काचेला फक्त ब्लोअरची हवा.

थर गेला असेल तर काच बदलणे हाच उपाय. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे अशी अर्धपारदर्शक थराची काच (बीमस्प्लिटर) मिळते. मी ३० टक्के परावर्तन, ७० टक्के पारगमनवाली घेईन. निम्मं-निम्मं असलेल्या काचेत चौकोन झकास दिसतो, पण बाकीचं दृश्य अंधारतं आणि संध्याकाळी त्याचा वैताग येतो. जाडी जुन्या काचेएवढीच हवी. थराची बाजू ओळखायला पेन्सिलीचं टोक काचेला टेकवा: टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर ती थराची बाजू, मध्ये फट दिसली तर उलटी. थर डोळ्याच्या बाजूला ठेवा, नाहीतर चौकोनात दुहेरी प्रतिमा दिसतात. जुनी काच काढण्याआधी तिचा कोन दाखवणारे फोटो काढून ठेवा. चिकटवायला इपॉक्सीचे बारीक ठिपके पुरतात. फेविक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने आसपासच्या काचांवर पांढरी साय धरते.

नंतर जुळवणी, म्हणजे चौकोनातली प्रतिमा समोरच्या दृश्यावर नेमकी बसवणं. लेन्स अनंतावर ठेवून किलोमीटरभर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवर बघा. आधी प्रतिमांची वरखाली जुळवणी, मग आडवी. लेन्सचं फोकस मुळात बरोबर आहे ना, हे बघायला मागचं दार उघडून, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) दाबून धरून, फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि त्यावरची प्रतिमा स्पष्ट आहे का ते बघा. एक मीटरवरही तपासा.

हे सगळं इलेक्ट्रोसारख्या सुट्या काचेच्या कॅमेऱ्यांना लागू. लायका एम ३ (१९५४) ची गोष्ट निराळी. त्यात प्रिझमचे तुकडे कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक राळेने जोडलेले असतात. कॅमेरा आपटला की तो जोड सुटतो आणि फाइंडर काळा पडू शकतो. तो घरी उघडू नये, जाणत्या कारागिराकडेच द्यावा.

नवी काच येईपर्यंत एक जुगाड: पुढच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध, बाहेरून, चौकोनाएवढाच काळ्या टेपचा तुकडा लावा. तिथलं समोरचं दृश्य अंधारतं आणि फिका चौकोन उठून दिसतो. मग खांबाची किंवा दाराची उभी कड चौकोनाच्या आत आणि बाहेर एका रेषेत आणून फोकस करायचा. टेप किंचित सरकवून नेमकी जागा शोधावी लागते.