शिकागोहून एका दिवसात पाहून येता येईल असे जुने रेल्वे स्थानक कोणते?

शिकागोच्या मुक्कामात एका दिवसात पाहून परत येता येईल असे, जुने असूनही जिथे आजही गाड्या थांबतात असे स्थानक आपण विचारले आहे. मी मिशिगन राज्यातील नाइल्सचे नाव सुचवेन.

नाइल्सची वस्ती बारा हजारांच्या आसपास आहे. एवढ्याशा गावाला असे भारदस्त स्थानक कशासाठी, हा प्रश्न तिथे उतरताच पडतो आणि त्याचे उत्तर शिकागोत सापडते. १८९३ साली तिथे जागतिक प्रदर्शन भरले होते; त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे विवेकानंदांचे नाव जगभर झाले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पूर्वेकडून प्रदर्शनाला येणाऱ्या प्रवाशांवर छाप पडावी म्हणून मिशिगन सेंट्रल या रेल्वे कंपनीने १८९२ मध्ये, शिकागोच्या अलीकडे, हे स्थानक उभारले. नुसत्या गावाच्या गरजेपुरते बांधायचे असते, तर बऱ्याच कमी खर्चात भागले असते.

इमारतीचा आराखडा डेट्रॉइटच्या स्पायर आणि रोन्स या वास्तुविशारदांचा आहे. ओहायोतील तपकिरी वालुकाश्माचे चिरे दर्शनी बाजूने मुद्दाम ओबडधोबड ठेवले आहेत, त्यामुळे तिरप्या उन्हात भिंतीवर सावल्यांची खडबडीत नक्षी उमटते. बुटक्या, रुंद, अर्धवर्तुळाकार कमानी आणि एका अंगाला घड्याळाचा चौकोनी मनोरा, एवढाच काय तो थाट. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील कोरीवकाम डोळ्यांत असलेल्या माणसाला ही इमारत सुरुवातीला रुक्ष वाटेल. मला मात्र तिचा हा दणकटपणाच आवडतो. पूर्वी येथे रेल्वेची बाग आणि काचगृहे होती, जॉन गिप्नर नावाचे माळी ती सांभाळत आणि गाडीतील स्त्रियांना फुले दिली जात.

याच मार्गावरील ॲन आर्बरचे १८८६ सालचे दगडी स्थानकही स्पायर यांचेच, पण तिथे १९७० पासून उपाहारगृह चालते आणि प्रवासी शेजारच्या साध्या इमारतीतून ये-जा करतात. नाइल्समध्ये प्रवासी अजून मूळ इमारतीतच गाडीची वाट पाहतात, म्हणून मी त्याला झुकते माप देतो. १९७९ पासून ही वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. शिवाय नाइल्सवरून जाणारा, इंडियाना राज्यातील पोर्टर ते मिशिगनमधील कॅलमझू हा सुमारे १५६ किलोमीटरचा लोहमार्ग ॲमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या मालकीचा असल्याने (इतरत्र तिच्या गाड्या बहुतेक मालवाहू कंपन्यांच्या रुळांवरून धावतात) येथे डिझेल इंजिनाची गाडीही ताशी १७७ किलोमीटरपर्यंत वेग घेते.

शिकागोच्या युनियन स्टेशनवरून वुल्व्हरीन किंवा ब्लू वॉटर ही गाडी धरावी. प्रवास साधारण दोन तासांचा आहे. मात्र नाइल्सचे घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असते आणि तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापलेली असते, त्यामुळे जाताना तीन तास आणि येताना जेमतेम एक तास लागेल असा भास होतो. दिवसभरात गाड्या मोजक्याच असल्याने परतीचे तिकीट आधी काढावे आणि मगच जाण्याची गाडी ठरवावी.