पहिल्याच लोकसभेत डिपॉझिट गेलं, आता पुढे काय?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की नोकरीतून निवृत्त होऊन पहिल्यांदाच लोकसभेला अपक्ष उभ्या राहिलात, अनामत जप्त झाली, घरचे म्हणतात झालं ते विसर. तर या सगळ्यातून काही उरलं का? माझ्या मते भरपूर उरलंय. बरीच वर्षं उमेदवारांसाठी बूथची आणि मतमोजणीची कामं करतोय, त्यावरून सांगतो.

पण आधी एक काम उरका. निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो, हरलेल्या उमेदवारानेसुद्धा. पुष्कळ अपक्ष निकालाच्या दिवशीच सगळं गुंडाळून ठेवतात आणि इथेच अडकतात. हिशेब दिला नाही आणि समाधानकारक कारणही नसेल, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा उतारा, मंडपवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंतच्या पावत्या, खर्चाची नोंदवही, सगळं या आठवड्यातच एका फाइलला लावा. शब्द तुमचा आणि सही तुमची, हे काम कार्यकर्त्यावर सोडू नका.

आता अनामतीचं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच ती परत मिळते. दहा लाख वैध मतं पडली असतील तर १ लाख ६६ हजारांच्या वर मतं हवीत. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या अपक्षाने ही रेघ गाठणं फार क्वचित घडतं. पंचवीस हजार गेले याचं वाईट वाटणारच, पण लोकांनी तुम्हाला झिडकारलं असा अर्थ त्यातून काढू नका.

मीरा सन्याल आठवतात? एका मोठ्या परदेशी बँकेच्या भारतातल्या प्रमुख. २६/११ च्या हल्ल्यानंतर शहर संतापलेलं असताना २००९ मध्ये त्या दक्षिण मुंबईतून अपक्ष उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर त्यांच्याबद्दल भरपूर चर्चा झाली. प्रत्यक्षात मतदान झालं जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास, मिलिंद देवरा निवडून आले, दुसऱ्या क्रमांकावर मनसेचे बाळा नांदगावकर, तिसऱ्यावर शिवसेनेचे मोहन रावले. सन्याल खूप मागे राहिल्या. मला त्यातून दिसतं ते असं: चर्चा कुलाबा आणि मलबार हिलसारख्या सुखवस्तू भागांची होत होती, पण त्याच मतदारसंघात वरळी, शिवडी, भायखळा आणि मुंबादेवीही आहेत. तिथल्या चाळींत आणि मोहल्ल्यांत पक्षांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी जाणारी. २०१४ मध्ये सन्याल तिथूनच पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी आम आदमी पक्षाकडून. जिंकल्या नाहीत, पण ४० हजारांच्या वर मतं घेतली. पक्ष होता, कार्यकर्ते होते, मधली वर्षं होती. २०१९ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं. मला या बाईंबद्दल आजही मनापासून आदर आहे, दुसऱ्यांदा उभं राहायला पहिल्यापेक्षा जास्त धैर्य लागतं म्हणून.

अपक्षाला वेळही किती कमी मिळतो बघा. चिन्ह मिळतं अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंत साधारण दोन आठवडे, त्यातले शेवटचे ४८ तास प्रचार बंद. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा आणि साधारण दोन हजारांच्या आसपास बूथ. एवढ्यांवर नवीन चिन्ह पोचवणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवा आणि फॉर्म २० मिळवा. त्यात बूथनिहाय मतं असतात. निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर येतो, नाहीतर अर्ज करून मागा. ज्या बूथांवर तुमचे पोलिंग एजंट बसले होते तिथल्या १७-सी च्या, म्हणजे त्या बूथवर एकूण किती मतं पडली त्या नोंदीच्या, प्रती असतील तर त्याही जुळवा. मग प्रत्येक बूथसमोर लिहा: इथे मी स्वतः गेले होते का, कोण फिरलं, कोणाच्या घरी चहा झाला. बहुतेक बूथांवर दोन-चार मतं दिसतील, ती सोडून द्या. पण काही बूथांवर तीस, चाळीस, साठ दिसतील. ती मतं पैशाने आलेली नाहीत, लाटेने आलेली नाहीत, ती तुमची आहेत. त्या घरांत याच महिन्यात जाऊन या, काही न मागता.

निवडणूक याचिकेचं, म्हणजे निकालाला कोर्टात आव्हान देण्याचं, कुणीतरी डोक्यात भरवेल. मुदत ४५ दिवसांची आहे आणि ती उच्च न्यायालयात करावी लागते. निकालावर परिणाम झाल्याचा भक्कम पुरावा हातात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पुढची लोकसभा लगेच डोळ्यांसमोर आणू नका. तुमचे ते चांगले बूथ एकाच पट्ट्यात येत असतील तर तिथली नगरपालिका किंवा जिल्हा परिषद बघा. तिथे पायी फिरून सगळा प्रभाग किंवा गट होतो. बूथ विखुरलेले असतील तर कुठल्या पक्षात जायचं, की संघटना बांधायची, हा प्रश्न वेगळा, आणि तो फॉर्म २० समोर असल्याशिवाय सोडवू नये. तो हाती आला की विधानसभेनुसार बेरजा इथे टाका, मी बसून बघतो.