घरात दुसरं कुत्रं आणायचं का? जनावरांच्या डॉक्टरची उत्तरं

दिवाळीच्या आसपास गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागली की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

आमचा मोती ९ वर्षांचा झाला. आजकाल खात नाही, कोपऱ्यात पडून राह्यते. पिल्लू आणलं तर खुलंन का?

आधी दवाखान्यात न्या. म्हातारं कुत्रं खाणं सोडते ते बहुतेक वेळा आजारानं, एकटेपणानं नाही. ओठ वर करून हिरड्या पहा, पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी न्या, आपल्याकडे गोचीड तापाचे पेशंट कमी नाहीत. रक्त तपासल्याशिवाय पिल्लाचा विचारही नको.

एकाच वेताचे दोन भाऊ सोबत आणले तर जमतील का?

नको. ते एकमेकांतच गुंततात, माणसाचं ऐकत नाहीत आणि मोठे झाले की भांडतात. दुसरं पहिल्याला वळण लागल्यावर आणा.

घरी नर आहे, दुसरा नर आणावा की मादी?

मादी, पण ऑपरेशनचं डॉक्टरशी आधी ठरवून. ‘एक वेत होऊ द्या मग करा’ हे ऐकीव आहे, त्याची काही गरज नसते.

वावरात रानडुकरं येतात, जागलीला गावरान आहे. सोबत हस्की घ्यावा म्हणतो. विकणारा म्हणते पिल्लू इथल्या हवेत सेट झालेलं आहे, पेपरही देते.

भाऊ, बर्फातलं कुत्रं आहे ते! कुत्र्याला घाम नाहीच्या बरोबर, धापा टाकूनच अंग थंड करते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते. सेट-बिट काही होत नसते. पेपर दाखवला तरी लसीचं कार्ड मागा, त्यावर लसीच्या बाटलीचं बॅच नंबरवालं स्टिकर आणि डॉक्टरची सही पाहिजे, नुसत्या पेनानं लिहिलेल्या तारखा चालत नाहीत. दुसरा गावरानच घ्या.

मागच्या महिन्यात पिल्लू गॅस्ट्रोनं गेलं, रक्ताची हगवण होती. मोठा कुत्रा बरा आहे. अंगण शेणानं सारवलं, फिनाईल टाकलं. आता दुसरं पिल्लू आणू का?

नका आणू, हात जोडतो. तुम्ही ज्याला गॅस्ट्रो म्हणता तो बहुतेक पार्व्हो असते, आणि तो विषाणू सारवणानं मरत नाही, साध्या फिनाईलनंही मरत नाही, सावलीच्या ओल्या मातीत तर महिनोन्‌महिने, वर्षभरही टिकते. फरशी आणि भांडी घासून धुऊन मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात टाकून १० मिनिटं ओली ठेवली तर उपयोग होते, पण मातीच्या अंगणात ब्लीचही फारसं चालत नाही. तिथं कडक ऊन आणि वेळ, दुसरं काही नाही.

लोक म्हणतात, ‘डॉक्टर, एक इंजेक्शन तर दिलं होतं.’ एकानं होत नाही हो! आईच्या चिकातून आलेली ताकद लसीला आडवी येते, ती कोणत्या पिल्लात कधी संपन हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा १६ आठवड्यांनंतरच. आणि कोणी मेडिकलमधून लस आणते, उन्हात गाडीच्या डिक्कीत टाकून, अन् घरीच टोचते! लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, गरम झालेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचलं. वरून कार्डावर डोस भरला म्हणून माणूस बिनधास्त राहते, आणि पिल्लाला उलट्या सुरू झाल्या तरी दोन दिवस जिरं-ओवा पाजत बसते. उलटी-हगवणीतलं पिल्लू त्याच दिवशी सलाईनवर पाहिजे.

आणायचंच असन तर सगळे डोस पूर्ण झालेलं मोठं पिल्लू आणा. घरच्या मोठ्याची लस आधी नवी करा, रेबीजचीही. नव्याला दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडं वेगळं. कधी आणायचं ते तालुक्याच्या पशुवैद्यकाला अंगण कसं आहे ते सांगून विचारा.

दोघं जेवणावरून भांडतात, सोडवताना माझ्या हाताला दात लागला. हळद-चुना लावला आहे.

ताई, ते धुऊन टाका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं, आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, घरचं कुत्रं असलं तरी. लसीचं कार्ड सोबत न्या, पण कार्ड सापडेपर्यंत थांबू नका. दोघांना जेवण वेगवेगळ्या खोलीत द्या. हात घालून सोडवू नका, दुरून पाणी फेका.