चरईतल्या घरात कॅफे काढू की बिल्डरला देऊ?

प्रश्न : दादा, आमचं ठाण्यातल्या चरईत आजोबांच्या वेळचं घर आहे. खाली दगड-चुन्याच्या भिंती, वर कडीपाटाचा, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेला माळा आणि मंगलोरी कौलं. आता तिथे फक्त आई असते आणि मागच्या खोलीत एक जुने भाडेकरू. चुलतभाऊ म्हणतात बिल्डरला देऊन मोकळे होऊ, मुलगी म्हणते अजिबात पाडायचं नाही, माळ्यावर कॅफे काढू. दोन वर्षांपूर्वी ओल येते म्हणून बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं, आतून ऑइल पेंट मारला, तर आता आधीपेक्षा जास्त पोपडे पडतायत. परवा एकजण ऑडिटला, म्हणजे इमारतीची मजबुती तपासायला म्हणून आला, हातोडीसारखं मशीन भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, हे सी-वनमध्ये जाणार बघा. तेव्हापासून झोप नाही.
— एक वाचक, चरई

उत्तर : ताई, आधी शांत झोपा. ते हातोडीसारखं मशीन म्हणजे रिबाउंड हॅमर, ते काँक्रीटसाठी असतं, दगड-चुन्याच्या भिंतीवर मारून जो आकडा येतो त्याला काही अर्थ नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट कायद्याने करावंच लागतं त्यामुळे टाळू नका, पण पालिकेच्या पॅनलवरचा असा इंजिनिअर शोधा ज्याने लाकूड आणि चुन्याची कामं केलीत. सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे राहता राहता दुरुस्ती. या तीन शिक्क्यांमध्ये अख्ख्या घराचा फरक आहे, तो टकटक करून ठरत नाही.

आता पोपडे. चुन्याची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडून देते, तिचा स्वभावच तो. तुम्ही बाहेरून सिमेंट आणि आतून ऑइल पेंट लावलात म्हणजे दोन्हीकडून तोंड बांधलंत, मग आतलं पाणी क्षार घेऊन जिथे फट मिळेल तिथे येतं, तोच तो पांढरा लोणा. अजून एक बघा, लहानपणी रस्त्यावरून ओटीवर यायला किती पायऱ्या होत्या? तीन असतील तर आता एखादी उरली असेल. दरवेळी रस्ता वरच्या वर वाढत गेला आणि जोतं खाली गेलं, पावसाचं पाणी थेट पायथ्याशी येतं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात हे. आधी बाहेरून गटार आणि पाण्याचा उतार नीट करा, मग सिमेंट खरवडून भिंत उघडी ठेवा, दिवाळीनंतर सुरू केलं तर उन्हाळ्यापर्यंत बऱ्यापैकी सुकेल, आणि मग चुन्याचं प्लास्टर. गवंडी म्हणेल "चुन्यात थोडं सिमेंट टाकतो, पटकन धरेल", तर त्याला चहा पाजा पण सिमेंट टाकू देऊ नका.

लाकडाचं म्हणाल तर तुळया मधे बघू नका, टोकं बघा, जिथे त्या भिंतीत शिरतात. मागच्या पावसात उथळसरला एका घरात गेलो होतो, सागवानी तुळई, मधे ठोकली तर खणखणीत, आणि टोकाला स्क्रू ड्रायव्हर लावला तर मुठीपर्यंत आत गेला. वरची पन्हळ फुटलेली, पाणी कित्येक वर्षं तिथेच मुरत होतं. अख्खी तुळई बदलायची गरज नसते हो, सडलेलं टोक कापून नवं लाकूड सांधता येतं, पण कौलं आणि पन्हळ आधी.

आता कॅफे. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या पण माळ्यावर नको. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला साधारण 200 किलो वजन धरून मोजतात, माणसं गर्दीने जमणार असतील तर 500 किलो. कडीपाटावर शनिवारी संध्याकाळी चाळीस पोरं आणि कॉफी मशीन, मला विचार करूनच घाम फुटतो. कॅफे खाली, जमिनीवर. माळ्यावर आई राहू दे किंवा चार जणांचं ऑफिस, शिवणकाम, चित्रांचे क्लास असं हलकं काहीतरी.

आणि वापर बदलला म्हणून घराचा अपमान वगैरे होत नाही. आपलं ठाण्याचं सेंट्रल जेल बघा ना, पोर्तुगीजांनी 1730 मध्ये किल्ला म्हणून बांधायला घेतलं, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलं, पुढे इंग्रजांनी तिथे तुरुंग केला, 1910 मध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना तिथेच फाशी दिली. जाड भिंती, बाहेर पडायला वाट नाही, म्हणून किल्ल्याचा तुरुंग सहज झाला. तिथे उद्या कोणी मॉल काढायचा म्हटलं तर निम्म्या भिंती फोडाव्या लागतील. तुमच्या घराला काय झेपतं ते तसंच बघा.

कागदांचं थोडक्यात : प्रॉपर्टी कार्डावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती, पालिकेकडून वापर बदलाची परवानगी, फायरची एनओसी, आणि मालमत्ता कर वाढेल तो हिशोबात धरा. भाडेकरूंना दुरुस्तीसाठी बाहेर जावं लागलं तर काम झाल्यावर परत घ्यावं लागतं, हे लेखी करून द्या म्हणजे तेही सहकार्य करतील. चुलतभावांना तोंडी समजावू नका, दुरुस्तीचा अंदाज आणि तळमजल्याचं येऊ शकणारं भाडं एका कागदावर मांडून द्या. बिल्डरची ऑफर पण लेखी मागा, तोंडी ऑफर सगळ्याच चांगल्या असतात.

प्रश्न : आमचा वाडा पाडला, इलाज नव्हता. सागवानी दारं आणि दोन खांब ठेवलेत. नव्या टूबीएचकेत वापरता येतील?
— एक वाचक, कोपरी

उत्तर : येतील, आणि असं मुरलेलं सागवान आता विकत मिळणं अवघड आहे. आधी वाळवी बघून औषध मारून घ्या. रंध्यावर द्यायच्या आधी प्रत्येक खिळा काढा, नाहीतर पातं तुटेल आणि सुतार परत येणार नाही. जुन्या दारांची उंची कमी असते, चौकटीत बसवायला गेलात तर कपाळमोक्ष ठरलेला. आमच्या ओळखीच्यांनी त्याचं जेवणाचं टेबल केलं, कडी तशीच ठेवली, आता नातू जेवताना ती वाजवत बसतो.