'सौम्य' म्हणजे मुळमुळीत का?

जालन्याहून एका वाचकानं विचारलंय: "उपासनेत पाळकसाहेब वरचेवर 'सौम्यता अंगी बाणवा' म्हणतात. आमची आजी म्हणते, सौम्य म्हणजे मुळमुळीत, असल्या माणसाचा बांध शेजारी कोरतो. मग नम्र, लीन आणि सौम्य यांत फरक काय? आणि आपल्या बोलीत याला शब्द आहे का?"

आजीला दोष देता येत नाही. हा शब्द आपल्या कानावर येतो तो बातम्यांतून. पोलिसांचा 'सौम्य लाठीमार', हिंगोलीकडं 'भूकंपाचा सौम्य धक्का'. (१९९३ ची किल्लारी पाहिलेल्या मुलखात त्या सौम्य धक्क्यानंही माणसं अंगणात अंथरुण टाकतात, आणि लाठी खाल्लेल्याला सौम्य म्हणजे काय ते विचारूच नये.) थोडक्यात, सौम्य म्हणजे कमी जोराचा, असं आपण धरून चाललोय. संस्कृतात मात्र जोराचा हिशेब नव्हता. सोम म्हणजे चंद्र, त्याचं ते सौम्य: निववणारं. सोमाचा मुलगा म्हणून बुधही सौम्य. पूजेच्या संकल्पात बुधवारी 'सौम्यवासरे' म्हणतात ते यामुळंच.

नम्र आणि लीन यांचं लवकर उरकतं. नम् म्हणजे वाकणं, लीन म्हणजे विरघळून एक झालेला. दोन्ही शब्द माणूस स्वतःला कुठं ठेवतो ते सांगतात. सौम्य सांगतो, तो समोरच्याशी कसा वागतो. म्हणूनच बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू स्वतःला 'मनाचा सौम्य व लीन' म्हणतो तेव्हा ती द्विरुक्ती होत नाही. मूळ ग्रीकमध्येही तिथं दोन वेगळे शब्द आहेत.

त्यातला सौम्यचा ग्रीक शब्द 'प्राउस'. 'जे सौम्य ते धन्य' मधलाही तोच, आणि बायबलातल्याच गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत जी 'सौम्यता' येते तीही त्याच्यापासूनच. गंमत म्हणजे ग्रीक लोक हा शब्द जनावरांनाही लावत. इ.स.पू. चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकानं घोड्यांवर लिहिलं, त्यात शिंगरू माणसाळलेलं असावं हे सांगताना याच शब्दाचं रूप वापरलंय.

इथं आपली बोली धावून येते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आजोबांबरोबर गेलो होतो. लाल कंधारी खोंड, मान अशी की माझ्या दोन्ही हातांत मावेना. आजोबांनी पाठीवर थाप मारली, वशिंड चाचपलं आणि विचारलं, "गरीब हाय का?" मालक म्हणाला, "लई गरीब. पोरगं बी कासरा धरतंय." मी चक्रावलो. एवढा तगडा बैल आणि गरीब?

हाच तो शब्द. गरीब म्हणजे दुबळा नव्हे. गरीबच्या उलट मारका. शिंगं दोघांनाही असतात. प्राउसला याच्याइतका जवळचा मराठी शब्द मला तरी सापडलेला नाही. छापील पवित्र शास्त्रात तो बसणार नाही हे खरं, कारण 'जे गरीब ते धन्य' वाचलं की लोक रेशनकार्डच आठवणार, आणि दोनच ओळी आधी 'आत्म्याचे दीन' येऊन गेलेले असतात. पण रविवारच्या शाळेत पोरांना सांगायला बिनधास्त वापरा.

बैलावरून जू आठवलं. मत्तयाच्या त्याच अकराव्या अध्यायात येशू म्हणतो, 'माझे जू सोयीचे'. यातलं सोयीचे म्हणजे ग्रीक 'ख्रेस्तोस', आणि गलतीकरांच्या यादीतली 'ममता' त्याच मुळाची. मराठीत हे नातं दिसत नाही, याची मला हळहळ वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला हळद-तूप लावून बैलाचे खांदे मळताना, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणताना, वर्षभर जू कुठं काचलं ते हाताला कळतं. ख्रेस्तोस जू म्हणजे न काचणारं.

आता आजीच्या बांधाकडं येतो. गलतीकरांस पत्राच्याच सहाव्या अध्यायात अपराधात सापडलेल्या माणसाला 'सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा' असं लिहिलंय. आपल्याकडं 'तुला ताळ्यावर आणतो' ही सरळसरळ धमकी असते, बोलणाऱ्याचा हात तेव्हा बहुधा पायातल्या वहाणेकडं गेलेला असतो. मूळ क्रियापद मात्र नीट करण्याचं, दुरुस्तीचं. येशूचे शिष्य झालेले याकोब आणि योहान नावेत जाळी नीट करत बसले होते, तिथंही तेच येतं. जाळं फाटलं म्हणून कोणी त्याला बडवत नाही.

तेव्हा आजीला सांगा, बांध कोरणाऱ्यापुढं गप्प बसा असं त्या पत्रात कुठंही नाही. मोजणी मागवावी, हद्दीच्या खुणा रोवून घ्याव्यात. फक्त शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार तेवढा करू नये.