तुमचा पीसी, आमची उत्तरं : जुन्या मशिनवर बाल्डर्स गेट ३ चालेल का?

या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं एकाच विषयावर आलीत, आणि सगळ्यांचा सूर साधारण एकच, गेम घ्यायचाय, पीसी जुना आहे, घरचे नवीन घेऊ देत नाहीत, काय करू. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३चा, म्हणजे अगदी कालचा नाही, पण आपल्याकडच्या बऱ्याच पीसींच्या मानाने तो नवाच. त्यामुळे या वेळी फक्त आरपीजी, म्हणजे पात्र होऊन कथा जगायचे रोल-प्लेइंग गेम. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, प्रिंटरवाले काका, तुमचाही लक्षात आहे.

दादा, माझ्याकडे सेकंडहँड ऑफिसचा पीसी आहे, आय५-४५९०, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही. यूट्यूबवर एकाने याच्यापेक्षा जुन्या पीसीवर गेम चालवून दाखवलाय. माझ्यावर चालेल ना? फक्त कार्ड टाकलं की झालं ना? (इचलकरंजी)

आधी कंपनी काय म्हणते ते बघू. लेरियनने कमीत कमी म्हणून सांगितलंय आय५-४६९० किंवा एएमडी एफएक्स ८३५०, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४८०, १५० जीबी जागा, आणि ती जागा एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी जलद असलेल्या डिस्कवर. तुझा ४५९० हा त्या ४६९०चा सख्खा धाकटा भाऊ, दोघंही २०१४चे, दोघांनाही चार कोअर, फरक फक्त थोड्या क्लॉकचा, म्हणजे वेगाचा. म्हणजे प्रोसेसर उंबरठ्यावर उभा आहे, आत पण नाही आणि बाहेर पण नाही.

आता तो व्हिडिओ. पुन्हा एकदा नीट बघ, तो माणूस गेममध्ये कुठे फिरतोय. शंभरातले नव्वद असले व्हिडिओ सुरुवातीच्या जहाजात नाहीतर त्यानंतरच्या समुद्रकिनाऱ्यावर संपतात, कारण तिथे गर्दीच नाही, चार माणसं, थोडी वाळू, दोन-तीन शत्रू. गेम तीन अंकांचा आहे आणि तिसऱ्या अंकात तू खुद्द बाल्डर्स गेट शहरात जातोस, तिथे रस्त्यावर माणसंच माणसं, प्रत्येकजण कुठेतरी चाललाय, बोलतोय, तुझ्याकडे बघतोय, तू चोरी केलीस तर कोणाला दिसलं हे सुद्धा गेमला मोजायचं असतं, आणि हे सगळं काम प्रोसेसरचं, ग्राफिक्स कार्डचं नाही. गेम आला तेव्हा बऱ्यापैकी ताकदवान पीसीवाले सुद्धा याच शहरात येऊन रडत होते. नंतरच्या पॅचनी, म्हणजे कंपनीच्या दुरुस्ती अपडेटनी, बरंच सुधारलं, पण चार कोअरवर तिथे अडखळणारच, हे धरूनच चाल.

म्हणून "फक्त कार्ड टाकलं की झालं" याला माझं उत्तर नाही असं आहे. माझा क्रम असा. सगळ्यात आधी एसएसडी, साधी साटावाली चालेल, पण मोठी घे कारण १५० जीबी एकटा गेमच खातो. गेमच्या सेटिंगमध्ये स्लो एचडीडी मोड म्हणून एक पर्याय आहे, पण त्याच्या भरवशावर हार्ड डिस्कवर खेळायला जाऊ नकोस, लोडिंग होईपर्यंत चहा होतो आणि भिंती-चेहऱ्यांचे टेक्श्चर पिठूळ दिसत राहतात. मग रॅम १६ जीबी, कारण विंडोज आणि उघडे राहिलेले ब्राउझरचे टॅब मिळूनच तीन-चार जीबी जातात आणि उरलेल्यात हा गेम मावत नाही. तुझ्या मदरबोर्डला डीडीआर३ लागते, ती आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ओळखीच्या दुकानात, घेताना टेस्ट करूनच घे.

आणि मग कार्ड. इथे ऑफिसच्या पीसीची खरी गोची आहे, ती म्हणजे पॉवर सप्लाय. त्या ब्रँडेड डब्यांत बहुतेक वेळा छोटा सप्लाय असतो आणि कार्डाला वेगळी वीज देणारी सहा पिनची वायरच नसते. जीटीएक्स ९७०ला तशा दोन लागतात, म्हणजे कोणी स्वस्तात देतोय म्हणून ९७० उचललंस तर ते घरी शोपीस म्हणून राहील. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, तेवढ्यावर चालणारं कार्ड बघ, जीटीएक्स १६५०चे बरेच मॉडेल तसे आहेत, पण सगळे नाहीत, काहींना सहा पिन लागतेच, त्यामुळे खोक्यावरचं नाव नको, कार्डाची कड बघ, तिथे वायरीचं सॉकेट नको. डबा बारका असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागेल, पट्टीने मोजून जा.

हे सगळं केल्यावर मिळेल काय? लो-मिडीयम सेटिंग, पहिले दोन अंक मजेत, तिसरा अंक सहन करत. आणि खरं सांगू का, या गेमला ते पुरतं. लढाई पाळीपाळीने आहे, तू विचार करत बसलास तर गेम थांबून राहतो, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, असली तरी हरत कोणी नाही. हेच एल्डन रिंगसारख्या झटपट लढाईच्या गेमबद्दल मी म्हणणार नाही, तिथे चुकवायचा रोल अर्ध्या सेकंदाने हुकला की संपलं.

लॅपटॉप आय५-९३००एच, जीटीएक्स १६५०, ८ जीबी. पहिला अर्धा तास लोण्यासारखा चालतो आणि मग एकदम फ्रेम पडतात, रिस्टार्ट केलं की परत थोडा वेळ बरा. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो फॉरमॅट मारा. मारू का? (नागपूर)

नका मारू. रोग वेगळा आहे आणि पत्त्यावरूनच कळतोय. अर्धा तास बरा आणि मग बसतो म्हणजे तापतोय, प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवायला स्पीड खाली आणतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असताना खोलीत पंख्याखाली बसून लॅपटॉपने गार राहावं तरी कसं. विंडोज नवं टाकून हवा गार होत नाही.

पंखे आणि जाळी साफ करून घ्या, तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदलून घ्या, आणि गादीवर ठेवून खेळणं बंद, खालची जाळी गुदमरते. चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड मुद्दाम हळू चालतं. मग गेममध्येच फ्रेमला मर्यादा घाला, ४०, तेही जड गेलं तर ३०. लोकांना हे उलटं वाटतं, मुद्दाम कमी कशाला करायचं, पण ५५ वरून २२ आणि परत ४८ असं नाचण्यापेक्षा सतत ३० डोळ्याला जास्त गुळगुळीत दिसतात. ६० फ्रेमला एक चित्र १६.७ मिलिसेकंदात यायला लागतं, ३०ला ३३.३, आणि आपल्याला खुपतं ते चित्र उशिरा येणं नाही, कधी लवकर कधी उशिरा येणं.

अजून एक, तुमची ८ जीबी बहुतेक एकाच पट्टीत असेल. दुसरी ८ची टाकली की रॅम तर दुप्पट होतेच पण दोन्ही पट्ट्या एकदम काम करतात, ड्युअल चॅनल, शहरातल्या गर्दीत त्याचा फरक जाणवतो. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे दोन-चार ठिकाणी विचारून घ्या.

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याचं म्हणणं की आपल्या पीसीवर हा गेम चालणारच नाही, नवाच पीसी पाहिजे. मला यातलं काही कळत नाही. तो खरं बोलतोय की मला गुंडाळतोय, हे कसं ओळखायचं? (ठाणे)

ताई, तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं. ओळखायची सोपी युक्ती आहे, त्यालाच तुमच्यासमोर करायला लावा. तो सध्या जो जड गेम खेळतो त्यात रिझोल्युशन १९२० बाय १०८० असेल, ते १२८० बाय ७२० करायचं, बाकी काही हलवायचं नाही. १०८०ला स्क्रीनवर साधारण २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात, ७२०ला ९.२ लाख, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी. आता कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा चांगला वर गेला तर दमलेलं कार्ड आहे, फक्त कार्ड बदलून भागेल. आकडा कमी होता आणि जिथल्या तिथेच राहिला तर प्रोसेसर दमलाय, मग कितीही महाग कार्ड आणा, फरक शून्य, आणि त्या वेळी त्याचं म्हणणं बऱ्यापैकी खरं धरा. दोन्ही वेळा आकडा चांगलाच असेल तर तुम्हाला गुंडाळतोय.

कार्ड दमलेलं असेल तर फुकटचा एक उपाय आहे, एफएसआर. बाल्डर्स गेट ३मध्ये नंतरच्या पॅचनी एफएसआर २ आलं, क्वालिटीवर ठेवलं की गेम आतून ७२०लाच चित्र काढतो आणि ते हुशारीने १०८०चं करून दाखवतो. आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस, म्हणजे एनव्हीडियाचं तसंच तंत्र, वापरावं, ते जास्त स्वच्छ दिसतं. मुलाला हे माहीत असणार, सांगितलं नसेल.

पैसे अडकायची भीती असेल तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घ्या, घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. फक्त त्याला बजावा की पात्राचा चेहरा, केस, कपाळावरचे व्रण ठरवत तास घालवू नकोस, घड्याळ तेव्हाही चालू असतं. तयार पात्र उचलायचं, आणि पहिल्या गर्दीच्या जागेपर्यंत धावत जायचं.

आणि हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, युरोपात या गेमला १८ वर्षांवरचं रेटिंग आहे. रक्त आहे, शृंगार आहे, नग्नता झाकायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. अकरावीच्या मुलाला द्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पीसीच्या भांडणात हा मुद्दा त्याने काढला नसेल एवढं नक्की.

रायझन ५ २६००, जीटीएक्स १०६० ६ जीबी, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई. बीजी३ मिडीयमवर झाला, मजा आली. आता किंगडम कम डिलिव्हरन्स २ घ्यावा का, की आता पीसीच बदलायची वेळ आली? ड्रॅगन्स डॉग्मा २ पण मनात आहे. (पुणे)

किंगडम कम बिनधास्त घ्या. फेब्रुवारी २०२५चा गेम आणि त्याच्या किमान यादीत शब्दशः तुमचाच पीसी लिहिलाय, रायझन ५ २६००, जीटीएक्स १०६० ६ जीबी, १६ जीबी, १०० जीबी एसएसडीवर. किमान यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो, कारण "किमान" म्हणजे किती फ्रेम हे बऱ्याच कंपन्या सांगतच नाहीत, पण हा गेम आला तेव्हापासून चांगला बांधलेला म्हणून त्याचं कौतुक झालंय. शेताडीत, जंगलात मस्त चालेल. गेममधल्या कुटेनबर्ग शहरात मात्र परत तीच गर्दीची कथा.

ड्रॅगन्स डॉग्मा २ला थांबा. मार्च २०२४ला आला तेव्हा शहरात शिरलं की भल्याभल्या पीसीचे फ्रेम कोसळायचे, आणि शहरातली माणसंच प्रोसेसरवर भार टाकतात हे कॅपकॉमनेही मान्य केलं होतं. पुढे पॅच आले, तरी तुमच्या २६००ला तो झेपणारा गेम नाही. आणि हा अॅक्शनचा गेम, ३०च्या खाली हातात मजा येत नाही.

पीसी बदलू नका, प्रोसेसर बदला. तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा आहे, बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं की बहुतेक बोर्डांवर रायझन ५ ५६०० सारखा चिप बसतो, रॅम तीच, डबा तोच. १०६० मग पुढच्या दिवाळीला बघू.

विंडोज ७ आहे, बदलायची इच्छा नाही. काही जुगाड? (लातूर)

या गेमला जुगाड नाही. बाल्डर्स गेट ३ला ६४ बिट विंडोज १० लागतं, आणि स्टीमनेच १ जानेवारी २०२४पासून विंडोज ७ आणि ८चा सपोर्ट बंद केलाय. आरपीजीच हवी असेल तर ऑफलाइन चालणारी, जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून डाउनलोड केलेली जुनी गेम बघा, त्यांच्या इन्स्टॉलरला कुठलं लाँचर लागत नाही, आणि जुन्यातही रग्गड माल आहे. १०वर जायचं ठरवलंत तर मायक्रोसॉफ्टचा त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय हे माहीत असू द्या, गेम चालतात, पण त्याच पीसीवर बँकेचं काम करत असाल तर ते मोबाइलवर न्या.