व्हानुआटूतल्या बेटावरून कायमचं परत येणाऱ्या मिशनरी कुटुंबानं निघण्याआधी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमची धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुलं बारा वर्षांनी व्हानुआटू या पॅसिफिक महासागरातल्या देशातल्या सान्तो बेटावरून कायमची नगरला परत येताहेत. हातात तीन महिने आहेत. बहीण फोनवर फक्त सामानाचं बोलते आणि बोलता बोलता रडू लागते. आपण इथून तिला काय सांगावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी त्याच बेटावर, लुगनव्हिल गावात, नऊ वर्षं राहिले. मी नर्स, माझे यजमान बायबल शिकवायचे. २००९ मध्ये मोठी मुलगी दोन वर्षांची असताना गेलो, २०१८च्या डिसेंबरात परतलो. मुलगा तिथेच जन्मला. त्यामुळे तुमच्या बहिणीचं सामानाचं बोलणं मला चांगलं ओळखीचं आहे. सामानाचं बोलता येतं, बाकीचं बोलता येत नाही, म्हणून ती सामानाचं बोलते. तिला थांबवू नका, ऐकत राहा.

पण एक गोष्ट तिला आजच सांगा. निघताना कुणालाही 'परत येऊ' म्हणू नकोस.

आपल्याला हे अवघड जातं, कारण आपण 'जाते' म्हणतच नाही. दाराबाहेर पाऊल टाकताना तोंडातून 'येते' हाच शब्द निघतो. शेवटच्या दोन महिन्यांत मी भेटेल त्याला तिथल्या बिस्लामा भाषेत 'बाम्बाए मि काम बाक' म्हणत सुटले होते. बाम्बाए म्हणजे नंतर, पुढे कधीतरी. भविष्यकाळासाठी तिथे हा शब्द लागतो. माझ्या मुलीला लहानपणी वाटायचं की आपण ज्या बॉम्बेहून आलो त्या गावाचं नावच 'नंतर' आहे. माझ्या मनात ती नुसती निरोपाची रीत होती. पण आमच्या शेजारच्या बुबूनं (बुबू म्हणजे आजी किंवा आजोबा) तो शब्द खरा धरला. माझ्या मुलाला तिनं पाठीवर बांधून वाढवलं होतं. आम्ही गेल्यावर तिनं आमच्या वाट्याचा कोनफळाचा वाफा दोन वर्षं दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसले. आम्हाला परत जायचं नव्हतं, तसं ठरलेलंही नव्हतं. मी तिला एका सभ्य खोटेपणाच्या आशेवर ठेवलं होतं. २०२१ मध्ये ती गेली.

तुम्ही मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आहात असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून सांगते. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा विसावा अध्याय काढा. प्रेषित पौल मिलेत बंदरात इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून घेतो आणि स्पष्ट सांगतो की यापुढे तुम्ही माझं तोंड पाहणार नाही. ते त्याच्या गळ्यात पडून रडतात आणि मग त्याला तारवापर्यंत पोहोचवायला जातात. सगळ्यांत जास्त दुःख त्यांना त्याच शब्दांचं झालं, असं तिथे लिहिलंय. तरी त्यानं ते सांगितलं. मी हा अध्याय कितीतरी वेळा वाचला होता, पण निघायच्या वेळी मला तो आठवला नाही.

आता सामानाबद्दल. लुगनव्हिलजवळ 'मिलियन डॉलर पॉइंट' नावाची जागा आहे, तुमची भाचरं तिथे नक्की पोहली असतील. दुसऱ्या महायुद्धात सान्तोवर अमेरिकेचा प्रचंड तळ होता. युद्ध संपल्यावर ट्रक, बुलडोझर, जीप एवढं सगळं परत नेणं त्यांना परवडेना. तेव्हा या बेटांवर ब्रिटिश आणि फ्रेंच मिळून राज्य करत. त्यांना हा माल स्वस्तात देऊ केला तर ते घेईनात, कारण अमेरिकन निघून गेले की फुकटच मिळेल असा हिशोब. मग अमेरिकनांनी तो सगळा माल समुद्रात ढकलला. बेटावरची माणसं किनाऱ्यावरून बघत होती. आजही ओहोटीला गंजलेले सांगाडे वर दिसतात. एखादं बेट कसं सोडू नये हे त्या किनाऱ्यावर उभं राहिलं की कळतं, आणि आम्ही घर आवरायला काढलं तेव्हा मी मुलांना मुद्दाम तिथे घेऊन गेले.

आमचा नियम आम्ही असा केला: विकायचं काहीच नाही. शिलाई मशीन, सौर दिवे, भांडी, मच्छरदाण्या, कुणाला काय द्यायचं ते महिनाभर आधी ठरवून, घरी बोलावून, हातात दिलं. शेवटच्या आठवड्यात दारात ढीग लावू नका, त्यात ज्याचे पाय जवळ त्याला मिळतं आणि मागे भांडणं राहतात. उधारी दिलेली असेल तर ती माफ झाल्याचं तोंडानं सांगून टाका, नाहीतर तो माणूस निरोपाला यायला लाजतो. आमच्याकडे असे दोघं होते.

येताना चटया आणि टोपल्या आणा, पण उन्हात खडखडीत वाळवून. कासवाची पाठ, प्रवाळ, मोठे शिंपले कुणी प्रेमानं दिले तरी आणू नका. त्यांच्या ने-आणीवर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आहेत. ऑस्ट्रेलियात विमान बदलणार असतील तर भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, मुलांचाही वेगळा. मुलांचे शाळेचे दाखले आणि लसीकरणाची कार्डं हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. आणि नर्स म्हणून हे आवर्जून सांगते: सान्तोवर मलेरिया आहे, त्यातला व्हायव्हॅक्स प्रकार यकृतात दडून महिन्यांनी परत उठतो. इथे आल्यावर वर्षभरात कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना 'आम्ही व्हानुआटूतून आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

याहून जास्त वेळ लागतो तो रुसवेफुगवे मिटवायला. अमेरिकेतले डेव्हिड पोलॉक यांनी अशा फिरत्या कुटुंबांसाठी एक सोपी आठवण बांधून दिली आहे, राफ्ट, म्हणजे तराफा. चार इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांचा तो बनतो: तंटे मिटवणं, ऋण बोलून दाखवणं, निरोप घेणं आणि पुढच्या ठिकाणाचा विचार करणं. मला ते पटतं, पण व्हानुआटूत पहिलं काम करायला पुस्तकी तराफ्याची गरजच नाही. तिथल्या माणसांकडे त्याची फार जुनी, भक्कम रीत आहे. दोन घरांत काही बिनसलं असेल तर सरदार दोघांना नाकामालात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, बसवतो. चटया, डुक्कर, कावा (मुळांपासून केलेलं तिथलं पेय) यांची देवघेव होते, दोन्हीकडची माणसं हात मिळवतात, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढायचा नाही. माझ्या यजमानांचं एका सहकाऱ्याशी तीन वर्षं बोलणं बंद होतं. त्या माणसाच्या काकानंच पुढाकार घेतला. आम्ही दोन चटया आणि तांदळाचं पोतं घेऊन गेलो. माझे यजमान पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले ते तिथे. तुमच्या मेहुण्यांचं कुणाशी असं काही असेल तर विमानाची तिकिटं नंतर बघा, आधी तिथल्या एखाद्या मोठ्या माणसाला मध्ये घाला.

ही माफी फक्त घराघरातली नाही, असं मला वाटतं. या बेटांवर मिशनरी कसे आले आणि कसे गेले हे तुमच्या भाचरांना माहीत असावं. एरोमांगो बेटावर १८३९ मध्ये जॉन विल्यम्स मारले गेले. १७० वर्षांनी, २००९ मध्ये, तिथल्या लोकांनी त्यांच्या वंशजांना बोलावून समेटाचा विधी केला. आम्ही त्याच वर्षी पोहोचलो आणि जो तो हेच सांगत होता. टान्ना बेटावर जॉन पेटन १८५८ मध्ये उतरले, पुढच्याच वर्षी बायको आणि तान्हं बाळ गेलं, आणि १८६२ मध्ये त्यांना जीव वाचवून निघावं लागलं. अनेयत्युम बेटावर जॉन गेडी यांच्या स्मरणफलकावर लिहिलंय की ते १८४८ मध्ये आले तेव्हा इथे एकही ख्रिस्ती नव्हता आणि १८७२ मध्ये गेले तेव्हा एकही अख्रिस्ती नव्हता. हे वाचून आपल्या लोकांना अभिमान वाटतो, मलाही वाटायचा. पण त्याच काळात बाहेरच्या जहाजांबरोबर आलेल्या गोवरानं आणि इतर रोगांनी त्या बेटावर माणसं इतकी मेली की हजारोंची वस्ती पुढे काहीशेंवर आली. फलकावर हे नाही. निरोपाच्या उपासनेत माझ्या यजमानांनी ते बोलून दाखवलं आणि क्षमा मागितली. आम्ही भारतातून गेलेलो, ती जहाजं आमची नव्हती. तरी आम्ही त्याच वाटेनं आलो होतो.

आणि त्यांना आपल्यावाचून अडत नाही, हेही बहिणीला सांगा, पण हळुवारपणे. तिथली प्रेस्बिटेरियन मंडळी १९४८ पासून स्वतःच्या पायांवर उभी आहे. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान वॉल्टर लिनी हे अँग्लिकन पाळकच होते. माझ्या जागी आलेली नर्स त्याच बेटावरची होती आणि बाळंतपणात माझ्याहून तिचा हात चांगला होता. हे कबूल करायला मला वेळ लागला. कबूल केल्यावर निघणं थोडं हलकं झालं.

घर सोडणं म्हणजे काय, हे मी खरं शिकले ते अम्बाए बेटाच्या माणसांकडून. २०१७च्या सप्टेंबरअखेर तिथला ज्वालामुखी जागा झाला आणि अकरा हजारांच्या आसपास माणसांना, म्हणजे अख्ख्या बेटाला, काही दिवसांत हलवलं. त्यातले पुष्कळ लुगनव्हिलला आले. चर्चच्या सभागृहात मी जखमा बांधत, औषधं वाटत होते. एका आजोबांनी बरोबर कपडे आणले नव्हते. लावणीचे कोनफळाचे कंद आणले होते, ओल्या पोत्यात गुंडाळून. महिन्याभरानं सगळे परत गेले, पुढच्या वर्षी राखेनं पुन्हा बाहेर पडावं लागलं. आम्हाला तारीख ठरवून, पेट्या भरून, ओळीत हात मिळवून निघायला मिळणार होतं. त्या आजोबांना पाहिल्यावर मी स्वतःची कीव करणं बरंच कमी केलं.

मुलांचं मात्र वेगळं आहे. आपण घरी परत येतो, ती घर सोडून येतात. रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' असं नाव दिलं. म्हणजे हे पहिल्यांदा नीट पाहिलं गेलं ते आपल्याच देशात, परक्यांच्या मुलांमध्ये. आता आपली मुलं त्या जागी आहेत. 'आता आपल्या घरी जायचं' हे वाक्य त्यांच्यापुढे वापरू नका. प्रत्येकाला बेटाचा निरोप आपापल्या पद्धतीनं घेऊ द्या: झाडाचा, कुत्र्याचा, पोहण्याच्या जागेचा. माझ्या मुलानं शाळेच्या वाटेवरच्या वडाला हात लावून 'ताता' म्हटलं. ताता म्हणजे अच्छा, त्यात परत यायचं वचन नाही. सहा वर्षांच्या मुलाला तो शब्द सापडला होता.

निरोपाच्या दिवशी गळ्यात हार घालतील, डोक्यावर टाल्कम पावडर टाकतील, सगळं गाव ओळीनं येऊन हात मिळवील आणि हुंदके देऊन रडेल. बहिणीला सांगा, घाई करू नकोस, प्रत्येक हात धर. विमान दुपारचं असेल तर निरोप आदल्या दिवशी ठेवा.

आता तुम्ही इथे काय करायचं. पहिल्या रविवारी त्यांना व्यासपीठावर साक्ष द्यायला उभं करू नका, पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेनं परतल्याच्या चौथ्या दिवशी सभा लावली होती, आणि मुलीला बिस्लामात गाणं म्हणायला लावलं. त्यानंतर तिनं ती भाषा घराबाहेर कधी बोलली नाही. मुलांच्या देवनागरीवर हसू नका, लापलाप (किसलेल्या कंदांचा तिथला पदार्थ) खाऊन वाढलेल्या मुलाला आमटी तिखट लागली तर टोकू नका. एप्रिल २०२० मध्ये हॅरल्ड चक्रीवादळानं सान्तो झोडपलं तेव्हा इथे टाळेबंदी होती, फोन लागत नव्हते, आणि माझ्या सासूबाईंनी एवढंच केलं: रात्रभर माझ्या शेजारी बसून त्या माणसांची नावं एकेक करून विचारली. तुम्हीही नावं विचारा. त्यांची बुबू कोण होती, ते पहिल्याच आठवड्यात विचारा.

आणि एकदा त्यांना लापलाप करू द्या. किसलेलं कोनफळ, ओल्या नारळाचं दूध, वर हवं तर कोंबडी, सगळं केळीच्या पानात बांधून मंद आचेवर. तिथे तापलेल्या दगडांवर भाजतात, इथे जाड बुडाच्या पातेल्यात जमतं. नगरच्या बाजारात मला कोनफळ क्वचितच दिसलं. थंडीत पुण्याला मंडईत मिळतं. जांभळं निघालं तरी चालतं.